आठ नग मिळाले

फणसवाडी, गिरगाव
१४ जून २०२५

आनंदा,

नमस्कार पुढच्या पत्रात. आधी बोलणी खा. गावी जाऊन सहा दिवस झाले आणि पोचल्याच्या दोन ओळी टाकवत नाहीत? फोन करावा तर तुझे दोन्ही कान तू मागाच्या खडखडाटात गिरणीला देऊन आलास. मी ‘गुडघा कसा आहे’ विचारतो, तू ‘हो हो, जेवलो’ म्हणतोस. व्हॉट्सॲपवर लिहावं तर मोबाइल तुझ्या सुनेकडे, म्हणजे माझं लिखाण अंगणभर मोठ्याने वाचलं जाणार. तेव्हा आता पोस्टमनचे पाय दुखू देत.

तुझी मिशाळ मंडळी सुखरूप आहेत. टाकी टेम्पोतून आदल्या दिवशीच आली होती, ती बाहेरच्या खोलीत जुन्या शोकेसच्या जागी बसवली. तळाला तू दिलेली वाळू पसरली. उन्मेष म्हणाला, ‘‘बाबा, आपल्याकडे मासे?’’ मी म्हटलं, ‘‘पाळायचेत, तळायचे नाहीत.’’ नूपुर एवढंच म्हणाली की वास येता कामा नये, आणि ऑफिसला गेली. सुनेचं हे असं मोजकं बोलणं मला जरा घाबरवतं.

मात्र एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. त्या दिवशी लालबागला तुझ्या खोलीखाली टॅक्सी हॉर्न देत होती, तू माझ्या हातात पाण्याचा डबा कोंबलास, आणि मीच लिहिलेल्या कागदावर, ‘कोरी जातीचे मासे आठ नग मिळाले’, मी न मोजता सही ठोकली. छत्तीस वर्षांच्या नोकरीत टाचण्यांची डबीसुद्धा मोजल्याशिवाय ताब्यात घेतली नाही, हे तुला ठाऊक आहे. पण डब्यातलं पाणी गढूळ होतं आणि माझ्या चष्म्यावरही काहीतरी आलं होतं. जाऊ दे.

मासे मात्र गमतीदार हां. दिवसभर वाळूत तोंड खुपसून काहीतरी हुडकत असतात, जसा आमचा हेडक्लार्क जुनी फाइल हुडकायचा. मधेच एखादा सुसाट वर जातो, हवेचा घोट घेतो आणि पुन्हा खाली येऊन काहीच झालं नाही असा बसतो. काल एकाने मला चक्क डोळा मारला. या वयात!

अकरा वर्षांपूर्वी परळच्या मोतीबिंदूच्या शिबिरात तुझा डावा डोळा बांधलेला, माझा उजवा, आणि दोघांनी मिळून एक रस्ता ओलांडला, तेव्हापासून तू माझ्या गळ्यात पडला आहेस. दर गुरुवारी लालबागला तुझ्या खोलीत येऊन हीच टाकी बघत चहा प्यायची सवय झाली. आता टाकी माझ्या घरी आणि चहा मी एकटा पितो. दोन महिन्यांत ये म्हणजे झालं.

तुझा
चिंतामणी


मसुरे, ता. मालवण
२४ जून २०२५

पंतांनू,

रागावू नको. गावाक इलंय तो गुडघ्याने जमिनीवर पाय ठेवू दिला नाही. आता काठी घेऊन पडवीपर्यंत जातो. इथे सगळा गाव मला विचारतो, मुंबईक मासे पाळतंस म्हणतत, कसले? मी मिशा दाखवून सांगितलं तर म्हणतात, म्हणजे शिंगाळ्याची पिल्लां! आमटी कधी? यांना काय सांगायचं कपाळ. मी बांगडा रोज खातो, पण माझ्या कोरींकडे कोणी त्या नजरेने बघितलं तर टकुरं फुटेल.

आता मुद्द्याचं. झील माझा, हितेंद्र, मागे लागलाय. म्हणतो, बाबा, मुंबई पुरे. लालबागची खोली चुलत पुतण्याला द्या आणि इथेच राहा. सून सीमाही तेच म्हणते. दोघांचं काही चुकत नाही रे. पण मी म्हटलं, माझे मासे गिरगावात आहेत. यावर दोन दिवस गजाली झाल्या आणि शेवटी एक अट ठरली. दसऱ्याच्या दिवशी तू मासे मोजायचे. आठच्या आठ जिवंत असले तर मी लालबागला परत. एक जरी कमी भरला तर मी इथेच, कायमचा, आणि खोली पुतण्याला.

हितेंद्रने विचारलं, मोजणार कोण? मी म्हटलं, चिंतामणी आगाशे. त्या माणसाने उभ्या जन्मात कागदावर एक खोटा आकडा लिहिला नाही. झीलाने अट मानली.

तेव्हा दर पत्रात आकडा कळव. नीट सांभाळ. पाणी रात्रभर बादलीत ठेवून मग घाल. कोणी शहाणा सांगेल की पाण्यात मीठ टाका, त्याचं ऐकू नको, या जातीला मीठ सोसत नाही. आणि आठवड्यातून एकदा लाल अळ्यांची वडी. दुकानात गोठवलेली मिळते, ती फ्रीजरमध्ये ठेवायची. तुमच्या सोवळ्या फ्रीजरमध्ये कशी ठेवणार ते तुझं तू बघ.

तुझो
आनंदा


फणसवाडी
३ जुलै २०२५

आनंदा,

तुझी अट वाचून डोक्यात तिडीक गेली. माणसाने कुठे राहायचं हे मासे ठरवणार? आणि गुडघा तुझा, झील तुझा, खोली तुझी, जबाबदारी माझी! वर माझ्या खरेपणाचे गोडवे. कुणी माझं असं कौतुक केलं की मला कागदावर सही करायला सांगणार हे मी नोकरीतच शिकलो होतो.

असो. हजेरीपुस्तक घातलं आहे. रोज पहाटे नळाला पाणी आलं की मी टाकीसमोर खुर्ची टाकतो आणि हजेरी घेतो.

आकडा: आठ.

आठ म्हणजे आठच. सोमवारी आठ, मंगळवारी आठ, आजही आठ. काळजी करू नको. उगाच पुन्हा पुन्हा विचारू नको.

नावंही ठेवली आहेत. सगळ्यात जाडी ती बडेबाई. मिशी तुटलेला तो गंगाधर, आमच्या आवक-जावक विभागात होता तसाच, सगळ्यांच्या मागे आणि खाण्याला पुढे. बाकीच्यांची नावं नंतर कळवीन, कारण ही मंडळी जागेवर थांबत नाहीत. एकाला मोजावं तर तो दुसऱ्याच्या मागे, तिसरा लाकडाखाली, चौथा वर हवा प्यायला. सरकारी कचेरीतसुद्धा एवढी पळापळ नसते.

वाळू मऊ आहे, मीठ घातलेलं नाही, अळ्यांची व्यवस्था केली आहे. कशी ते विचारू नको.

एकादशी आली आहे. त्या दिवशी त्यांना काकडीची चकती. घरात सगळ्यांना उपास असताना त्यांनी अळ्या खाव्यात हे मला पटत नाही.

चिंतामणी


मसुरे
१३ जुलै २०२५

पंत,

आठ?

नाही म्हणजे चांगलंच आहे. पण नक्की आठ ना? तुझा तो उजवा डोळा, शिबिरातला, अजून नीट आहे ना? मी असं ऐकलंय की काच वाकडी असली तर एकाचे दोन दिसतात.

तू दोघांचीच नावं लिहिलीस. बाकीच्या सहांची लिही की. विशेषतः आठव्याचं वर्णन कर. रंग कसा, अंगाने कसा, स्वभाव कसा. मला त्याची फार आठवण येते. आणि फोटो पाठव, आठही एका फोटोत. हितेंद्रला दाखवायचाय. तो म्हणतो, एवढे दिवस एकही मेला नाही म्हणजे तुमचे पंत देवमाणूस दिसतात.

इथे भात लावून झाला. मी पडवीत बसून सगळ्यांना सल्ले देतो, कोणी ऐकत नाही, ऐकलं तरी मला त्यांचं उत्तर ऐकू येत नाही. त्यामुळे सगळं शांततेत चाललंय.

आनंदा


फणसवाडी
२६ जुलै २०२५

आनंदा,

फोटो सोबत आहे. ठाकूरद्वारच्या स्टुडिओतून छापून आणला. उन्मेषने काढला, तेही ‘‘बाबा, माशांचा ग्रुप फोटो?’’ असं तीनदा म्हणून. मोजून बघ. आठ आहेत. जरा धूसर आहेत, कारण एकही स्थिर बसत नाही.

आठव्याचं वर्णन हवं होतं तुला. तो लाजाळू आहे. फार दिसत नाही. लाकडाखाली असतो. स्वभावाने शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. रंग इतरांसारखाच. आहे मात्र नक्की. याहून जास्त मी काय लिहू? तुझा मासा, तुलाच ठाऊक.

आता घरचा गोंधळ ऐक. लाल अळ्यांच्या वड्या मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या होत्या, फ्रीजरमध्ये अगदी मागे. गेल्या रविवारी पुऱ्या होत्या. उन्मेषने डबा काढला, ताटाशेजारी ठेवला, झाकण उघडलं. त्याची किंकाळी तुझ्या त्या कानांनाही ऐकू आली असेल. शेजारच्या सुंदराबाई धावत आल्या, त्यांना वाटलं मीच गेलो. आणि दाराशी श्रावण! उन्मेष म्हणाला, मासे आजच्या आज बाहेर. मी म्हटलं, मग मीही. नूपुरने ताटं उचलली. दुसऱ्या दिवशी फ्रीजरमध्ये एक नवा घट्ट डबा, वर ठळक अक्षरात ‘औषध, हात लावू नये’, आणि आत वड्या. हे कुणी केलं कळलं नाही. उन्मेषला पश्चात्ताप झाला असावा. पोरगा आतून मऊ आहे, माझ्यावर गेलाय.

तू गुडघ्याचे व्यायाम करतोस ना? दसऱ्याला दोन महिने राहिले. लालबागचे तुझे तीन जिने तुलाच चढायचे आहेत.

आकडा: आठ.

चिंतामणी


गिरगाव
७ ऑगस्ट २०२५

आदरणीय आनंदाकाका,

मी नूपुर, चिंतामणी आगाश्यांची सून. हे पत्र मी ऑफिसमधून लिहितेय आणि बाबांना कळलं तर माझं काही खरं नाही, तेव्हा वाचून फाडून टाका, प्लीज.

काका, बाबा तुमच्याशी खोटं बोलतायत. मासे सातच आहेत. पहिल्या दिवसापासून सातच. बाबांच्या उशाखाली हजेरीची वही सापडली. त्यात दोन रकाने आहेत. पेन्सिलचा रकाना खरा: सात, सात, सहा, सात. पेनचा रकाना तुमच्यासाठी: आठ, आठ, आठ. आपल्या हातून एक मेला आणि तो कुठे गेला हेही कळलं नाही, असं त्यांना वाटतंय. फिल्टर तीनदा उघडून पाहिला. सोफा सरकवला. सुंदराबाईंच्या मांजरीवर संशय घेतला, त्यावरून दारात भांडणसुद्धा झालं.

या माणसाने आमच्या लग्नात आहेराच्या यादीत एक चमचा जास्त लिहिला गेला म्हणून ती यादी पुन्हा लिहिली होती. तो आता रोज पेनने खोटं लिहितो. मला ते बघवेना. म्हणून गेल्या शनिवारी मी क्रॉफर्ड मार्केटला जाऊन तसाच एक मासा आणला, टिफिनच्या डब्यात. संध्याकाळी बाबा देवापुढे बसले असताना सोडला. म्हटलं, चला, आठ झाले, आता तरी ते सुखाने झोपतील.

काका, त्याच शनिवारी दुपारी बाबाही क्रॉफर्ड मार्केटला गेले होते. एकटे, बसने. आई गेल्यापासून ते लालबागशिवाय कुठेही एकटे गेले नव्हते. पेपरात गुंडाळलेली पिशवी घेऊन आले आणि मला म्हणाले, ‘‘दम्याचं औषध.’’ त्यांना दमा नाही.

रविवारी पहाटे हजेरीला नऊ. मी पडद्याआडून बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, मोजले. मग देवाकडे बघितलं. मग पुन्हा मोजले. आता रोज वही भरताना ते एकाला मुरांब्याच्या बरणीत काढून ठेवतात, पेनने आठ लिहितात आणि मग त्याला परत सोडतात. त्यांच्या हिशेबी हे खोटं नाही.

हे हसण्यासारखं आहे, मीही तोंडावर उशी दाबून हसले. पण गुरुवारी ते अजूनही इस्त्रीचा शर्ट-पँट घालून तयार होतात आणि मग टाकीसमोर बसून राहतात. तुमची ती अट काढून घ्या ना काका. आणि फ्रीजरमधला वड्यांचा तो नवा डबा उन्मेषने नव्हे, मी ठेवला होता. एवढं तरी कुणाला कळू दे.

तुमची
नूपुर


मसुरे
१६ ऑगस्ट २०२५

पंत,

हे पत्र बसून वाच. शक्य तर सुंदराबाईंना दाराशी बोलावून ठेव.

तुझा फोटो मी पंधरा दिवस उशाशी ठेवला होता. सुनेचं भिंग घेऊन पाहिला. त्यातले सात मासे खरे आहेत. आठवा काचेत आहे. तुझ्या त्या गंगाधरचंच प्रतिबिंब, तुटलेली मिशी उलट्या बाजूला. पुरावा तयार करायचा तर नीट करावा रे! छत्तीस वर्षं काय केलंस?

पण तू मेल्या हसण्यावारी नेशील म्हणून पुढचं सरळ सांगतो. आठवा मासा नव्हताच. मी त्या डब्यात सातच घातले होते. टॅक्सी मीच दहा मिनिटं आधी बोलावली, हॉर्न मीच वाजवायला सांगितला, तू मोजू नयेस म्हणून.

का? कारण मला परत यायचं नव्हतं. नाही, तसंही नाही. मला परत यायची भीती वाटत होती. एप्रिलमध्ये मी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात पडलो होतो. दोन तास तसाच बसून होतो, खाली कोणी आलं-गेलं तरी मला ऐकू येईना, मग हाक कोणाला मारू? तुला सांगितलं नाही. हितेंद्रची आई लक्ष्मी असती तर गोष्ट वेगळी. त्या दिवसापासून खोलीत एकटं झोपायचं म्हटलं की दिवा चालू ठेवून जागाच राहायचो. हितेंद्र बोलावत होता, ते बरंच होतं. पण तुझ्या तोंडावर ‘मी चाललो, आता येणार नाही’ हे कसं सांगायचं? अकरा वर्षं तुझ्याबरोबर चहा प्यायलो. म्हटलं, हा खरं बोलणारा माणूस. तो मोजेल, सात भरतील, तसं कळवेल, आणि मी इथून हळहळ करीन, ‘‘नशीब, पंत, दुसरं काय.’’ दोष माशांवर, कोणाचं मन दुखायला नको. हितेंद्रलाही हे माहीत नाही.

आणि तू लिहिलंस आठ!

मी पडवीत ते पत्र वाचलं आणि जेवणाचं ताट तसंच परत पाठवलं. सीमाने विचारलं, कोण गेलं? तू खोटं लिहिलंस, पंत. माझ्यासाठी. दर पत्रात, ठासून. मला परत आणायला. मी चोर आहे, आणि माझी चोरी झाकायला तू चोर झालास. लाज वाटते रे मला. रडलोसुद्धा, तुझ्यापासून काय लपवायचं.

आता अट गेली खड्ड्यात. मी काय करू, ते तू सांग.

आनंदा


फणसवाडी
२६ ऑगस्ट २०२५

नालायका,

उद्या गणपती यायचे, घरात मखराची कात्रणं, आणि मी इथे बसून तुला शिव्या लिहितोय. सात! मी सोफा सरकवला! कंबर धरली आठ दिवस! सुंदराबाईंच्या मांजरीला खुनी म्हटलं, आता त्यांना काय तोंड दाखवू? पत्र वाचल्यावर मी दोन दिवस टाकीकडे पाठ करून बसलो. तिसऱ्या दिवशी हसू फुटलं ते आवरेना. उन्मेषने डॉक्टरला फोन लावला होता.

कबूल करतो. खोटं लिहिलं. पहिल्यांदा ‘आठ’ लिहिताना पेन तीनदा खाली ठेवलं, दुसऱ्यांदा एकदाही नाही. वाईट सवय लवकर लागते म्हणतात ते बरोबर आहे. पण आनंदा, सात लिहिलं असतं तर तू आला नसतास. दुसरा काही विचारच मनात आला नाही.

जिन्यात पडलास आणि मला सांगितलं नाहीस, याचा राग मात्र गेलेला नाही. तो समोर आल्यावर काढीन.

आता इथली परिस्थिती. मी एक मासा विकत आणला. त्याच दिवशी आणखी एक कुठूनसा आला. नूपुर म्हणते, जुन्या पाइपातून येत असतील. तिच्या टिफिनच्या डब्याला वाळू चिकटलेली मी पाहिली आहे, पण ती काही बोलत नाही तर मी कशाला बोलू? दुकानदाराने मला सांगितलं, चाचा, जाड्या त्या माद्या, हे बारके ते नर. म्हणजे तुझ्या सातही बायका होत्या! म्हणून चार वर्षांत अंडं दिसलं नाही. हे दोन नर आले, मी सवयीने पावसाचं गार पाणी घातलं, आणि सतराच्या सकाळी पाहतो तर काचेवर साबुदाण्यासारखे दाणे. बडेबाई एकेक चिकटवत होती.

अंडी खाऊन टाकतील म्हणून मी बोटाने हलकेच काढून मुरांब्याच्या बरणीत ठेवली, हवेची नळी सोडली. पिल्लं निघाली आहेत. काल एकतीस मोजली, आज अडतीस, दुपारी परत चौतीस. त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक लागतो, चिमूटभर. गणपतीच्या आदल्या दिवशी आगाश्यांच्या घरात अंडं! ते नूपुरने कुठून आणलं मी विचारलं नाही, उन्मेषला कुणी सांगितलं नाही.

तू विचारलंस काय करू. ऐक. तुझ्यावर माझी जबरदस्ती नाही. गावात झील आहे, सून आहे, पडवी आहे. तिथे सुखात असशील तर राहा. मला वाईट वाटेल, फार वाटेल, पण ते माझं मी बघीन. खोली पुतण्याला देऊन टाक, ते तीन जिने तुला आता जमणार नाहीत, हे मलाही दिसतं.

पण एक कागदाची अडचण आहे. पावतीवर आठ, दिले सात, आज टाकीत नऊ, बरणीत अडतीस की चौतीस. ही नोंद अशी लोंबकळत ठेवून मी मरणार नाही. देणाऱ्याने स्वतः हजर राहून मोजणी केल्याशिवाय ती दुरुस्त होत नाही, असा नियम आहे. नियम मी आज सकाळी केला. आमचं घर तळमजल्यावर आहे, एकही पायरी नाही. बाहेरच्या खोलीत टाकीशेजारी पलंग टाकला आहे. मोजणी पूर्ण होईपर्यंत मुक्काम तिथेच. नूपुरला विचारलं, ती म्हणाली, ‘‘काकांना सांगा, बांगडा घरात नाही, पण सुंदराबाईंकडे बुधवारी असतो.’’ उन्मेषनेही मान हलवली. त्याला अजून बलकाचं माहीत नाही.

रात्री तू पडलास तर ऐकू मला येतं.

चिंतामणी


मसुरे
८ सप्टेंबर २०२५

पंतांनू,

गणपती गेले, घर सुनं झालं, आणि हितेंद्रला मी सगळं सांगितलं. सात, आठ, नऊ, सगळं. तो आधी डोक्याला हात लावून बसला, मग एवढा हसला की सीमा चुलीपुढून उठून आली. लालबागची खोली पुतण्याला दिली. अठराच्या सकाळी हितेंद्र मला तुझ्या दारात आणून सोडतोय. काठी आहे, औषधं आहेत, सुंदराबाईंसाठी सुकी सुरमई आहे. मांजरीसाठी पण.

निघायची तयारी झाल्यावर झील विचारतो, ‘‘बाबा, मोजणीला किती दिवस लागतील?’’

मी म्हटलं, पिल्लां बारीक आहेत रे, एका जागी ठरत नाहीत, आणि मोजणारे दोघे म्हातारे, एकाला दिसत नाही, दुसऱ्याला आकडा ऐकू येत नाही. बरीच वर्षं जातील.

आनंदा